वाचक विचारतात: हायब्रिड सेडान, घरचं सॉकेट आणि यवतेश्वरचा उतार

हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड सेडानबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : शोरूममध्ये सांगितलं, “ही हायब्रिड सेडान स्वतःच चार्ज होते, प्लग लावायची कटकट नाही.” मग प्लग-इन हायब्रिड वेगळी ती काय? आमचं रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, महिन्यातून दोनदा पुणे. घर स्वतःचं, पोर्च आहे. – शाहूनगर, सातारा

“स्वतःच चार्ज होते” हे खरं, पण अर्धंच सांगितलेलं. होंडा सिटी ई:एचईव्ही किंवा टोयोटा कॅमरी या स्ट्राँग हायब्रिड गाड्या. त्यांच्या बॅटरीत जाणारी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक दाबल्यावर किंवा उतारावर वाया गेली असती ती ऊर्जा परत पकडली जाते आणि इंजिन जिथे चांगला मायलेज देतं त्याच टप्प्यात चालवलं जातं, म्हणून पेट्रोल वाचतं. सिटीची बॅटरी जेमतेम ०.७ युनिटची आहे. प्लग-इनची बॅटरी साधारण १० ते १८ युनिटची असते. ती भिंतीवरच्या विजेवर भरायची, पहिले ४०–७० किलोमीटर पेट्रोलचा थेंब न जाळता काढायचे आणि पुढे ती नेहमीच्या हायब्रिडसारखी चालते.

तुमचा हिशोब मांडू. महिन्याला १००० किलोमीटर गावातलं धावणं. स्ट्राँग हायब्रिड लिटरला २० देते असं धरलं तर ५० लिटर, १०५ रुपये दराने ५,२५० रुपये. प्लग-इनला चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १७ युनिट, म्हणजे १७० युनिट. हे युनिट तुमच्या घरगुती बिलाच्या वर चढतात आणि वरच्या स्लॅबचा दर लागतो, म्हणून ११ रुपये धरा: १,८७० रुपये. वर्षाला साधारण ४० हजारांची बचत. आता दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक ४० हजारांनी भागा. फरक सहा लाखांचा असेल तर पंधरा वर्षं लागतील, तेवढ्यात गाडीच बदलायची वेळ येईल. छतावर सोलर असेल आणि वीज शिल्लक पडत असेल तर गणित पालटतं.

आजवर आपल्याकडे आलेल्या प्लग-इन बहुतेक आलिशान गटातल्या, आणि करातही सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्ण इलेक्ट्रिकवर ५ टक्के. तुमच्या वापराला आज स्ट्राँग हायब्रिड घ्या, किंवा पुण्याच्या वाटेवर चार्जिंगला थांबायची तयारी असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. आणि एक गोष्ट स्वतंत्र घर नसलेल्यांसाठी: फ्लॅटच्या पार्किंगमध्ये स्वतःचं सॉकेट नसेल तर प्लग-इनच्या वाटेला जाऊ नका. चार्ज न करता चालवलेली प्लग-इन म्हणजे दीड-दोनशे किलोचं ओझं रोज पेट्रोलवर वाहणं.

प्रश्न : सिटी हायब्रिड घेऊन चार महिने झाले. कासहून परतताना यवतेश्वरचा घाट अर्धा उतरला की ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जोरात ओरडायला लागतं. पेट्रोल जळतंय का? गाडी दाखवायला न्यावी का? – सातारा

नेऊ नका, बिघाड नाही. पेट्रोलही जळत नाही.

पाय काढला की चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत जाते. गाडी आणि चार माणसं मिळून १६०० किलो धरा, घाटात ३०० मीटर खाली उतरलात. एवढ्या उंचीची ऊर्जा सुमारे १.३ युनिट होते. टायरचं घर्षण आणि वारा यांत काही जाते, तरी उरते ती ०.७ युनिटच्या बॅटरीत मावत नाही. त्यातही ती बॅटरी तळापर्यंत रिकामी किंवा काठोकाठ भरलेली ठेवतच नाहीत, मधला भागच वापरात असतो. म्हणून अर्ध्या घाटात ती भरते. आता येणारी वीज कुठे घालवायची? गाडी ती वीज जनरेटरला देते आणि जनरेटर इंजिनला नुसतं फिरवतो. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद असतात, इंजिन फक्त हवा दाबत राहतं. त्यामुळे वेगाला लगाम राहतो आणि आवाज मात्र चढाला आल्यासारखा येतो. मीटरवरचं त्या क्षणाचं मायलेज पाहा, काटा शेवटाला टेकलेला दिसेल.

तेव्हा दोन चुका टाळा. आवाज नको म्हणून गाडी न्यूट्रलला टाकू नका. न्यूट्रलमध्ये मोटरचा धरही जातो, इंजिनचाही जातो, सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो आणि यवतेश्वरच्या वळणांवर ब्रेक तापून पायाखालचं पेडल मऊ पडू शकतं. आणि वेग वाढल्यावर उशिरा जोरात ब्रेक मारू नका. उतार सुरू होतानाच स्टेअरिंगमागच्या डाव्या पॅडलने धर वाढवा.

प्लग-इनवाल्यांसाठी याच्याच पोटातली गोष्ट. तिच्या बॅटरीत जागा भरपूर असते, पण महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून १०० टक्के केलीत आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरलात तर एक युनिटही परत घ्यायला जागा नसते. वर मुक्काम असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा. चढाला उलटं: पुण्याहून निघताना गाडी सेव्ह मोडवर टाका आणि खंबाटकीला राखलेली बॅटरी वापरा. हायवेला एकसारख्या वेगात इंजिन मजेत चालतं. तिथे बॅटरी संपवून घाटात नुसत्या लहान इंजिनावर भरलेली गाडी चढवणं यात तोटाच आहे.

प्रश्न : मुंबईचे मेहुणे प्लग-इन हायब्रिड घेऊन येतात. पोर्चमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की तासाभरात प्लग चटका बसेल इतका तापतो, कधी चार्जिंग मध्येच थांबतं. गिझर तर त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षं चालतो. – तासगाव, जि. सांगली

गिझर पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅटवर बंद होतो. गाडी १२–१३ अँपिअर सलग चार-पाच तास ओढते. सैल जोड गिझरला खपून जातो, गाडीला नाही.

मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना उजेडात धरून पाहा. एका पिनेच्या मुळाशी तपकिरी वळं दिसेल, प्लास्टिक किंचित फुगलेलं असेल आणि जळका वास येईल. म्हणजे सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली आहे किंवा मागचा स्क्रू ढिला आहे. असं सॉकेट घासून परत वापरू नका, काढून टाका.

वायरमनला हे सांगा: मीटरजवळच्या बोर्डापासून थेट वेगळी लाइन, मध्ये कुठेही जोड नाही. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). झाकण असलेलं जड १६ अँपिअरचं सॉकेट, जमिनीपासून कमरेइतकं वर, पावसाची झड लागणार नाही असं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. चार्जरचा डबा प्लगवर लटकत असेल तर त्याच्या वजनानेच पिना सैल होतात, म्हणून शेजारी खुंटी मारून डबा तिला अडकवा.

चार्जिंग मध्येच थांबण्याचं कारण बहुधा अर्थिंग किंवा पडलेला व्होल्टेज. चार्जर अर्थ तपासत राहतो आणि नीट मिळाला नाही तर लाल दिवा लावून थांबतो. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावा. ५ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड कमजोर आहे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो, त्यात पाणी सोडून पुन्हा मोजा. तरी फरक पडला नाही तर नवा खड्डा घ्या.

आज रात्रीपुरता उपाय हवा असेल तर सॉकेट बदलून चार्जरचा करंट ८ अँपिअरवर आणा. २३० व्होल्टला १.८ किलोवॉट होतात. १० युनिटच्या बॅटरीला सहा-सात तास लागतील, रात्री ११ ला लावली तर सकाळी चहाच्या वेळेला तयार. वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेही पाहा. पंप, गिझर आणि गाडी एकदम चालली तर ३ किलोवॉट पुरणार नाहीत.

प्रश्न : आम्ही गावभागात राहतो. पूर आला तर हायब्रिड गाडीतून शॉक बसतो का? काय करायचं? – सांगली

२०१९ आणि २०२१ चं पाणी पाहिलेल्यांना ही काळजी वाटणारच. गाडी बंद असली की बॅटरीतले रिले, म्हणजे आतले स्विच, जोड तोडतात आणि मोठा व्होल्टेज बॅटरीच्या डब्यातच राहतो, त्यामुळे शेजारून चालताना सहसा शॉक बसत नाही. पण नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि पाण्यातल्या गाडीतून बुडबुडे, सूं-सूं आवाज किंवा उग्र वास आला तर जवळ जायचं नाही.

आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे. नदी तिकडे सरकायला लागली की त्याच दिवशी गाडी विश्रामबागेकडे किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. प्लग-इन असेल तर केबल काढून एमसीबी पाडा.

गाडी बुडालीच तर स्टार्टचं बटण दाबून पाहायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि “पूर ओसरल्यावर तुम्ही सुरू केली” म्हणून इंजिनाचा दावा अडतो. पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. पुढची चाकं जमिनीवर फिरवत ओढून नेऊ देऊ नका. त्यांना मोटर जोडलेली आहे, ती वीज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा. लिथियम बॅटरीत पाणी शिरलं असेल तर आग काही दिवसांनीही लागू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत गाडी घरापासून आणि इतर वाहनांपासून ५० फूट लांब, उघड्यावर ठेवा. पॉलिसीत इंजिन संरक्षण आणि हायब्रिड बॅटरीचं कव्हर आहे का, हे पावसाळ्याआधीच वाचून घ्या.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. आम्ही सहा महिने जाणार म्हणून तो २०१९ ची वापरलेली होंडा क्लॅरिटी प्लग-इन बघतोय. काय तपासायला सांगू? – मिरज

नवी असताना तिची बॅटरी १७ युनिटची, अमेरिकेच्या सरकारी मोजणीत विजेवर ४७ मैल, म्हणजे ७५ किलोमीटर. मुलाला सांगा, गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला लावायची आणि स्वतः चालवून विजेवर किती मैल जाते ते पाहायचं. एकदा तरी हायब्रिड मोडमध्ये इंजिन सुरू करून दहा मिनिटं ऐकायचं. काही मालक महिनोन् महिने इंजिन चालवत नाहीत, टाकीत जुनं पेट्रोल पडून असतं. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या क्षमतेची चाचणी लेखी घ्यावी. मूळ चार्जिंग केबल सोबत आहे ना, हे पाहावं, वेगळी घ्यायला महाग पडते.

तिथल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर तिला बारा तास लागतात, २४० व्होल्टला अडीच. तुम्ही परत आल्यावर गाडी उभी राहणार असेल तर मोठी बॅटरी निम्म्यावर ठेवावी आणि १२ व्होल्टच्या लहान बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावावा. ती लहान बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. हे आपल्या इथल्या हायब्रिडलाही तितकंच लागू आहे.

प्रश्न : हायब्रिड पावसात दोन दिवस उभी राहिली की ब्रेक खरखरतात. पॅड बदलायला सांगतात, गाडी १८ हजारच चालली आहे. – विटा, जि. सांगली

पॅडची जाडी मोजून दाखवायला सांगा, बहुधा भरपूर शिल्लक असेल. हायब्रिडमध्ये बराचसा वेग मोटरच उतरवते, डिस्क कमी घासली जाते आणि तिच्यावर गंज बसतो. मागेपुढे वाहन नसलेल्या सरळ रस्त्यावर ६० च्या वेगातून पाच-सहा वेळा दमदार ब्रेक दाबा, खरखर जाईल. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा करा. तरी राहिली तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. पिना अडकल्या की एकच पॅड झिजतो, आणि तेव्हा मात्र १८ हजारांतही पॅड बदलावे लागतात.