थंडरबर्ड सारखं सारखं कॉम्पॅक्ट करू का विचारतंय? आधी हे वाचा

घाबरू नका, व्हायरस वगैरे काही नाहीये. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधे साधारणपणे एका फोल्डरची एकच मोठी फाईल असते आणि तुम्ही मेल डिलीट केला की तो त्या फाईलमधून लगेच जात नाही, नुसती खूण होते, मग अशी अडगळ साठत जाते आणि ठरलेल्या एमबीच्या वर गेली की ती काढून फाईल लहान करू का, म्हणजेच कॉम्पॅक्ट करू का, असं विचारणारी खिडकी येते. तर सेटिंग्जमधे जनरलला खाली डिस्क स्पेसपाशी तो आकडा बघा, 20 असेल तर 200 करा, आणि दरवेळी विचारण्याची टिक तिथे असेल तर काढा.

पण हो म्हणूनही पाच मिनिटांत परत विचारत असेल तर कॉम्पॅक्ट पूर्णच होत नाहीये. बऱ्याचदा अँटीव्हायरस ती फाईल धरून बसतो, नाहीतर डिस्कवर जागा नसते, कारण आधी नवी कॉपी लिहिली जाते मग जुनी जाते. फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर करून बघा.

आणि प्लीज, त्याआधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाईल फोल्डर (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतो तो) पेनड्राईव्हवर कॉपी कराच, पॉप अकाउंट (म्हणजे मेल सर्व्हरवरून तुमच्या मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर मेल बहुतेक फक्त त्या प्रोफाईल फोल्डरमधेच असतात. कॉम्पॅक्ट चालू असताना मशीन बंद करू नका!