धार पडतेय, तरी इंजिन तापतंय? आउटबोर्डच्या कूलिंगची प्रश्नोत्तरे

१ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारी बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या, की तापणाऱ्या आउटबोर्डचे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांचे, प्रश्न येऊ लागतात. प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: तापतं नेमकं कधी? हळू चालवताना, की पूर्ण रेस दिल्यावर? अर्धं निदान तिथेच होतं. हे न बघता पार्ट बदलत सुटलात, तर पैसे जातात आणि इंजिन तापतच राहतं.

प्रश्न (देवबाग): फोर-स्ट्रोक इंजिन आहे. इंजिनाच्या छिद्रातून बाहेर पाण्याची धार पडते, पण खाडीतून हळू जाताना तापल्याचा अलार्म वाजतो. रेस वाढवली की थांबतो. असं का?

पंप थकला आहे. गिअरबॉक्सच्या वर डब्यात रबराचा इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, फिरतो. हळू फिरताना त्याच्या पात्या डब्याच्या भिंतीला घट्ट टेकून पाणी वर ढकलतात. वेग वाढला की पात्या आत वाकतात आणि पाणी नुसत्या फिरण्याच्या जोरावर चढतं. म्हणून झिजलेला इंपेलर आधी हळू चालताना उघडा पडतो. तुमच्याकडे संगमावर रेती भरपूर. ती पंपात जाते आणि पात्या व डबा दोन्ही खरवडते.

धारेवर विसंबू नका. पंपातून थोडंफार पाणी वर येतंय, एवढंच ती सांगते. सगळ्या इंजिनात पुरेसं पाणी फिरतंय की नाही, ते तिच्यावरून कळत नाही. धारेखाली बोट धरून बघा: पाणी कोमट हवं. चटका बसला किंवा वाफ दिसली, तर इंजिन बंद करा.

पंप खोलल्यावर पात्या मुळाशी वाकवून बघा, बारीक चिरा तिथेच असतात. काढल्यावरही पात्या एकाच बाजूला वळलेल्या राहिल्या, तर रबर मेलं. डब्याच्या आतून आणि खालच्या प्लेटवरून नख फिरवा. नख अडकेल इतकी चरी असेल तर नुसता इंपेलर बदलून भागणार नाही, पूर्ण किट घाला. आणि एखादी पाती तुटलेली दिसली तर तिचा तुकडा सापडेपर्यंत इंजिन जोडू नका. तो वर नळीत नाहीतर थर्मोस्टॅटपाशी (इंजिन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप) जाऊन बसलेला असतो.

प्रश्न (हर्णै): आमचं उलट आहे. हळू ठीक चालतं, फुल रेसला तापतं.

पाणी आत घेणाऱ्या जाळीपासून सुरुवात करा. इंजिन बंद करून वर उचला: प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, चिकटलेल्या शिंपल्या. जाळी साफ असेल तर इंजिनाची उंची बघा. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या पातळीला किंवा जराशी खाली हवी. इंजिन उंच बसलं असेल तर वेगात पाण्याबरोबर हवाही ओढली जाते. दोन्ही ठीक असतील तर वर नळ्यांत क्षार धरले असतील किंवा प्रेशर व्हॉल्व्ह अडकला असेल. ते काम मेकॅनिककडे द्या.

प्रश्न (मालवण): नवा इंपेलर टाकला, आता धारच नाही!

आधी धारेच्या छिद्रात जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) घालून बघा. मीठ किंवा कुंभारमाशीची माती बसलेली असू शकते. तिथे काही नसेल तर गिअरबॉक्स परत उतरवा. बहुतेक वेळा पाण्याची उभी नळी पंपाच्या रबरी बुशात नीट बसलेली नसते, बाजूला घसरते. दुसरा संशय इंपेलरला शाफ्टशी अडकवणाऱ्या छोट्या चावीचा: ती पडली असेल तर शाफ्ट फिरतो, इंपेलर जागचा हलत नाही. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत आत घाला. ‘चालू होतंय का ते बघू’ म्हणून जमिनीवर कोरडं मात्र चालवू नका, काही सेकंदांत नवा इंपेलर जळतो.

प्रश्न (अलिबाग): मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला, म्हणाला आपल्याकडे गरम हवेत गरज नाही. बरोबर आहे का?

नाही, आणि हा सल्ला किनारपट्टीवर सर्रास दिला जातो याचं मला वाईट वाटतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कायम थंड राहतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. तुमच्या फोर-स्ट्रोकची डिपस्टिक काढा: ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल आजच बदला. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगं जातात. प्लगही काळे पडतात.

जुना थर्मोस्टॅट जपून ठेवला असेल तर तपासा. दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बाजूला थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. बऱ्याच आउटबोर्डचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. गाडीचा थर्मोस्टॅट सहसा ८० च्या वर उघडतो, तो इथे कधीच लावू नका. पाणी जितकं तापेल तितका समुद्राच्या पाण्यातला क्षार आत लवकर धरतो.

प्रश्न (मुरूड): आतलं मीठ काढायला ॲसिड चालेल?

संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो, ते त्यालाच खातं. आउटबोर्डसाठी मिळणारं क्षार काढायचं द्रावण वापरा. पण खरा उपाय रोजचा आहे: परत आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश. पिंपात चालवत असाल तर गिअर न्यूट्रलला ठेवा आणि पाणी पंपाच्या वर राहील एवढं भरा. बाजूला नळ जोडायची सोय असेल तर बऱ्याच इंजिनांत ती इंजिन बंद ठेवून वापरायची असते, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बंदीच्या काळात इंजिन उभंच ठेवा. आडवं ठेवलं की आतलं पाणी पूर्ण निथळत नाही.