आईच्या ट्रंकेतले 44 चांदीचे रुपये: ग्रेडिंगसाठी ठेव मोडावी का?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या ट्रंकेत चांदीचे 44 रुपये निघाले: राणीछाप 9, सातव्या एडवर्डचे 6, पाचव्या जॉर्जचे 25 (त्यात एक 1911 चा, सर्वांत अलीकडचा 1920 चा) आणि 1940 नंतरचे 4. एका नाणेविक्रेत्याने सांगितलं, सगळी अमेरिकेला पाठवून ग्रेड करून घेऊ, म्हणजे तपासून दर्जाचा आकडा घेऊ, नाण्यामागे 3,800 रुपये लागतील, मग भाव कितीतरी पट येईल. म्हणजे 1,67,200 रुपये. त्यासाठी तुम्ही मुदत ठेव मोडायच्या विचारात आहात.

ठेव मोडू नका. 44 पैकी फार तर एक-दोन नाण्यांना हा खर्च पेलवेल, आणि ती कोणती हे घरबसल्या बरंचसं कळतं.

आधी किमान किंमत काढू. 1920 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम. तुमच्या चारांत 1947 चा असेल तर तो निकेलचा, त्यात चांदीच नाही. चारही चांदीचे धरले तर एकूण साडेचारशे ग्रॅम. झिजेमुळे थोडी तूट येईल. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने याला गुणा, ही झाली मोडीची किंमत. यावर जे मिळेल ते नाण्याच्या दुर्मीळपणाचं आणि स्थितीचं.

आता ग्रेडिंगबद्दल. विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 असं मोजमाप बसवलं, पुढे ते सगळ्याच नाण्यांना लागू झालं. 1 म्हणजे नाणं कोणतं एवढंच ओळखू येतं. 20 च्या पुढे 'व्हेरी फाइन', 40 पासून 'एक्स्ट्रीमली फाइन', 60 ते 70 'मिंट स्टेट', म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर न झिजलेलं. 1986-87 मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या आल्या. त्या नाणं तपासून आकडा देतात आणि सीलबंद प्लास्टिकच्या पेटीत, ज्याला स्लॅब म्हणतात, घालून परत करतात. खरेदीदाराला नाणं अस्सल असल्याचा भरवसा मिळतो, हा खरा फायदा. पण आकडा हे शेवटी तपासनिसाचं मतच. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर 62 चं 63 होऊ शकतं, 61 सुद्धा होऊ शकतं. मधल्या ग्रेडच्या नेहमीच्या रुपयाला आकड्याने फार काही मिळत नाही. भावाची मोठी उडी वरच्या ग्रेडमध्ये असते.

आणि नेमकी तिथेच घरातली नाणी मार खातात. आपल्याकडे धनत्रयोदशीला नाणी चिंचेने नाहीतर राखेने घासायची, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचं, अधूनमधून सराफाकडून उजळून आणायची. अशा घासलेल्या नाण्याला आकडा मिळतच नाही, 'डिटेल्स' असा शेरा मारून परत येतं. माळेसाठी कडी लावून नंतर काढली असेल तरी तेच. फी मात्र पूर्ण जाते.

तेव्हा एका संध्याकाळी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नाणी कडेने धरून पाहा. राणीचा गाल, कानावरचे केस, झग्यावरची वेलबुट्टी. जॉर्जच्या मुकुटातली रत्नं आणि अंगरख्यावरचा हत्ती: झीज आधी या उंचवट्यांवर होते. मग दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. त्याऐवजी एकसारखी चकाकी आणि एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसल्या, तर ते कधीतरी घासलेलं आहे. कडेवर डाग दिल्याचा (सोल्डरिंगचा) किंवा घासल्याचा ठिपका असेल, तर तिथे कडी होती. काळपट पडलेली नाणी पुसू नका, ती काळपटच बरी.

जुनं म्हणून महाग, असंही नाही. 1862 चा राणीछाप रुपया सहज मिळतो, कारण तेच साल पुढे 1874 पर्यंत नाण्यावर कायम ठेवलं होतं. 1918 ते 1920 चे तर ढिगाने आहेत. महायुद्धात हिंदुस्थानात चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्याखाली स्वतःचे कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले, ती चांदी या रुपयांत गेली. तुमच्या यादीतला 1911 चा मात्र वेगळा काढा. त्यावरच्या हत्तीची सोंड आखूड असल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि 1912 पासून चित्र सुधारलं. तो घासलेला नसेल, तर ग्रेडिंगचा विचार करण्यासारखा आहे.

पण तोही अमेरिकेला नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्या 44 पैकी 40 नाणी यात बसतात. विक्रेत्याला विचारा, तपासणी कुठे होणार आणि नाणी कोणत्या कागदांवर बाहेर जाणार? 'ते आम्ही बघतो' असं उत्तर आलं, तर नाणी त्याच्या हातात देऊ नका. 1911 च्या नाण्यासाठी भारतातच तपासणीची सोय असेल तरच पुढे जा. नाहीतर परवानाधारक लिलाव संस्थेला दोन्ही बाजूंचे फोटो दाखवून अंदाज घ्या, आणि त्यांचं कमिशन वजा करून हातात काय पडेल ते पाहा.

एक कराचं. 'पूजेतली नाणी आहेत, घरगुती वस्तू, कर नाही' असं कोणी सांगेल. धोलपूरच्या महाराजांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये हा मुद्दा मान्य केला नाही. पूजेतली चांदीची नाणी वैयक्तिक वापराच्या वस्तू धरली नाहीत. वारसाहक्काने आल्यामुळे आईकडची वर्षंही धरली जातील, त्यामुळे नफा दीर्घकालीन ठरून त्यावर 12.5 टक्के कर लागेल. मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरता येतं. विकण्याआधी मूल्यांकनकाराकडून ते लिहून घ्या, आणि प्रत्येक नाण्याचं वजन, साल व फोटो असलेली यादी करून ठेवा.