सिनेमातल्या एखाद्या अजब प्राण्याचा पूर्ण आकाराचा, संग्रहात ठेवण्याजोगा पुतळा डिझाइन करायचा तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात उंचीपासून करा. पडद्यावरचा प्राणी प्रत्येक शॉटमध्ये सारख्याच मापाचा नसतो. कुठे सूट घातलेला माणूस, कुठे फक्त यांत्रिक डोकं, तर कुठे कॉम्प्युटरवर केलेलं काम. ‘एलियन’मध्ये (१९७९) बहुतेक ठिकाणी सूटच्या आत बोलाजी बाडेजो हा जवळपास सात फूट उंचीचा माणूस होता. म्हणून आधी एकच शॉट पक्का करा आणि त्यातल्या माणसाच्या किंवा दाराच्या उंचीवरून माप काढा.

मग पोझ. झेपावणारी पोझ कागदावर देखणी दिसते, पण सगळं वजन एका घोट्यावर येतं. आतला लोखंडी सांगाडा पायातून थेट बैठकीत उतरला पाहिजे. शेपूट जमिनीला टेकवता आली तर फारच उत्तम, तिसरा आधार फुकटात मिळतो.

शिल्प मातीत करा किंवा झेडब्रश या कॉम्प्युटरवर शिल्प घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पुढे सिलिकॉनचा साचा आणि फायबरग्लासचं कास्टिंग हे ठरलेलंच. वेगवेगळ्या भागांमधले जोड मात्र डिझाइन करतानाच कातडीच्या घडीत लपवा. आणि सगळ्यात मोठा भाग दारातून आत जाईल ना, हेही तेव्हाच बघा.

माझ्या मते खरा जीव डोळ्यांत असतो. बुबुळ रंगवून त्यावर पारदर्शक रेझिनचा फुगीर थर द्या, म्हणजे बघणारा हलला की नजरही त्याच्यामागे फिरल्यासारखी वाटते. पापणीची कड ओलसर दिसायला तिथे चकचकीत वॉर्निश लावा, बाकी कातडी मॅटच ठेवा.

विकायचा असेल तर हक्कधारकांचा परवाना आधी घ्या.