लेकीची वही कोरी आहे, शाळा बदलू का?

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दीड वर्षापासून ती माँटेसरी पद्धतीच्या शाळेत जाते, तिथे मुलं आपल्या मनानं काम निवडतात. जाऊबाईंचा मुलगा तिच्याच वयाचा, तो दुसऱ्या शाळेत आहे. तो एबीसीडी लिहितो, शंभरपर्यंत अंक लिहितो. माझी लेक घरी येऊन सांगते, 'आज मी पाणी ओतलं.' सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ते म्हणतात, 'पैसे भरून पोरीले पानी ओताले काहून धाडता?' आता नवऱ्याचंही मन डळमळलंय. पहिलीच्या प्रवेशाला ती मागे पडली तर? जूनपासून तिला पुतण्याच्या शाळेत घालू का?

उत्तर : नका घालू. निदान पुतण्याची वही बघून तरी नका घालू.

आधी त्या पाण्याबद्दल बोलू, कारण घरातलं सगळं भांडण तिथेच अडलंय. लहान जगमधून पेल्यात न सांडता पाणी ओतायचं, सांडलं तर आपणच पुसायचं, मग ट्रे उचलून जागेवर ठेवायचा. यात मनगट स्थिर होतं, हात आणि डोळा एकमेकांना धरून चालायला लागतात आणि हाती घेतलेलं काम पुरं करायची सवय लागते. तिच्या वर्गात लाकडी ठोकळ्यात बसवायचे दट्टेही असतील. त्यांची छोटी मूठ अंगठा आणि दोन बोटांनीच धरता येते, आणि पेन्सिल धरायची पकडही तीच. खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवत 'क' म्हणणारं मूल लिहायलाच शिकत असतं, फक्त वहीत त्याचा पुरावा उमटत नाही. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत गरीब कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं. तिथली चार-पाच वर्षांची मुलं अशाच तयारीनंतर आपणहून लिहू लागली, तीही वाचायच्या आधी.

आणखी एक. या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं एका वर्गात असतात, कारण ही तीन वर्षं मिळून एकच शिक्षण आहे. पहिल्या दोन वर्षांत हाताला जे वळण लागतं, ते तिसऱ्या वर्षी अक्षरांत आणि अंकांत दिसायला लागतं. तुम्ही नेमकं त्या वर्षाच्या तोंडावर तिला काढायला निघालात.

पण शाळेवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असंही मी म्हणणार नाही. माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही ते पाटीवर लिहू शकतं. म्हणून परवानगी मागा आणि एक सकाळ वर्गात कोपऱ्यात गप्प बसून बघा. सगळ्यांना एकाच वेळी एकच काम दिलं जातंय का? मूल रमलेलं असताना घंटा वाजवून त्याला उठवतात का? वर्गातल्या शिक्षिका-ताई साहित्य हळूहळू, कमी शब्दांत दाखवून बाजूला होतात की मुलाचा हात धरून स्वतःच करून टाकतात? आणि हे फार महत्त्वाचं आहे : जे मूल नुसतंच इकडून तिकडे फिरतंय, त्याच्याकडे कुणाचं लक्ष आहे का? निवड मुलाची असते, पण त्या निवडीवर जाणत्या माणसाची नजर हवीच. ती नसेल तर मूल वाऱ्यावर सोडलेलं असतं. नंतर ताईंना विचारा, 'गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं काय काय हाताळलं, कुठे अडली, आता पुढे काय दाखवणार?' त्यांनी नोंदी काढून नेमकं उत्तर दिलं तर निर्धास्त राहा. 'छान आहे, मजेत असते' एवढंच ऐकायला मिळालं तर शाळा जरूर बदला, पण चांगली, मुलांना हातानं काम करू देणारीच शोधा. साडेचार वर्षांच्या बोटांना पानंच्या पानं गिरवायला लावणारी नको.

पहिलीची भीती मात्र मनातून काढा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पहिलीचं वय सहा आहे आणि त्याआधीची वर्षं खेळातून शिकायची मानली आहेत. तुमच्या हातात अजून दीड वर्ष आहे. मोठ्या शाळेत ती अक्षरांपाशी अडेल असं मला वाटत नाही. अडेल ती बाकावरून न उठण्यापाशी, बाई सांगेपर्यंत थांबण्यापाशी. त्याची तयारी शेवटच्या सहा महिन्यांत करा, आताच्या ताईंनाही त्यात घ्या.

आता बाबा. त्यांच्या रागामागे नातीची काळजी आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. आयुष्यभर मुलं शिकवलेल्या माणसाला विचारा, 'बाबा, वर्ग बघून तुमचं मत सांगाल का?' वर्गात जाताना त्यांना बरोबर न्या. शिवाय हे त्यांना परकं वाटायचं कारण नाही. हातानं काम करत शिकायचं, ही गांधीजींच्या नई तालीमची कल्पना 1937 मध्ये आपल्या शेजारी वर्ध्याच्याच परिषदेत मांडली गेली. आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी माँटेसरींची पद्धत बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पानं वापरली. पैसे भरण्याचाच मुद्दा असेल, तर घरच्या मुगाच्या आणि चवळीच्या दाण्यांनीही हे काम होतं, हे बाबांना पटेल.

जाऊबाईंशी मोकळेपणी बोला. सणावाराला दोन्ही मुलांना शेजारी बसवून 'लिहून दाखव' म्हणणं बंद करा, त्यात पुतण्याचंही भलं नाही. नवऱ्याला वर्गात न्यायला जमलं नाही, तर उन्हाळ्यात पन्हं केलं की लेकीला सगळ्यांसाठी ओतू द्या आणि ती ते कसं करते हे त्यांना बघू द्या.

बाबांना एक काम आजपासूनच सोपवा. रोज रात्री नातीला एक गोष्ट, त्यांच्या बोलीत, पुस्तकावर बोट ठेवून. शाळा कुठलीही असो, वाचनाची गोडी लावायला त्यांच्याइतका अनुभवी माणूस तुमच्या घरात दुसरा नाही.