फेल्टची पताका आणि आपली शिरोरेषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मुलगी नर्सिंगला लातूरला गेलीय. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत लावायला फेल्टची त्रिकोणी पताका हाताने शिवतेय, वर 'जिद्द' लिहायचंय. व्हिडिओ बघितले ते सगळे इंग्रजी अक्षरांचे, एकेक अक्षर कापा आणि चिकटवा. तसं करून बघितलं तर शिरोरेषा मधेच तुटतेय, वेलांटी एकटीच लोंबतेय आणि शिवल्यावर कापडाला चुण्या पडल्या त्या वेगळ्याच. शिवणकाम शाळेत शिकले तेवढंच येतं. काय करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : अहो, अक्षरं सुटी कापूच नका. आपला अख्खा शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो, म्हणजे तो एका तुकड्यात कापता येतो, इंग्रजीवाल्यांना ही सोय नाही, त्यांना एकेक अक्षर सरळ रांगेत बसवत बसावं लागतं. कॉम्प्युटरवर शब्द जाड टायपात मोठा करून प्रिंट काढा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' फॉन्ट फुकट मिळतो, गुबगुबीत आणि गोल कोपऱ्यांचा आहे, फेल्टसाठी मला तरी तोच आवडतो. सगळ्यात बारीक रेघ निदान एक सेंटिमीटर रुंद येईल एवढा साइझ ठेवा, त्याहून बारीक ठेवली तर दोन्ही बाजूंनी टाका घालायला जागाच उरत नाही.

तो कागद फेल्टवर टाचण्यांनी नाहीतर स्टेपलरने पक्का करा आणि कागदासकट कापा. आधी आतली भोकं आणि फटी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरून आधी कापलंत तर तुकडा लुळा पडतो आणि आतलं नीट कापता येत नाही. भोक पाडायला तेवढा भाग हलकाच दुमडून छोट्या टोकदार कात्रीने एक चीर द्यायची, मग कात्री आत घालून गोल फिरवायची. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात, म्हणून कडेचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडायची भानगड नाही.

आता 'जिद्द'चं. शब्द छान, पण कात्रीला फार छळतो. एकाखाली एक द असला की दोन गाठी इतक्या जवळ येतात की मधली फट कापताच येत नाही. पहिल्या द चा पाय मोडून दोन द शेजारी शेजारी लिहा, वाचायलाही सोपं जातं. नाहीतर शब्दच बदला, 'उमेद' घ्या नाहीतर 'झेप', दोन्ही सरळ कापले जातात. मागे एकीला 'सकारात्मकता' करायची होती, मी म्हटलं बाई, ती करता करताच संपेल. अनुस्वार असलेला शब्द असेल तर टिंब कापत बसू नका, छोटं बटण लावा.

आकाराचंही सांगते. ही पताका मूळची अमेरिकेतल्या कॉलेजांची, सामन्यांना घेऊन जायची. तिकडची नेहमीची साधारण १२ बाय ३० इंच, टोक बाजूला, आणि अक्षरं टोकाकडे लहान लहान होत जातात. मराठीत तसं करायचं तर शिरोरेषा वरच्या तिरक्या कडेला समांतर न्यावी लागते. वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडायची ती वेगळीच. दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला मी तर सरळ टोक खाली करून टांगेन, रुंद बाजू वर, तिथे शिरोरेषा आडवी ऐसपैस बसते. फेल्टच्या ए-फोर शीटमध्ये पताका छोटीच होईल, मोठी हवी तर मीटरवर मिळणारं फेल्ट घ्या, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास शोधा.

चुण्या पडतात त्या दोरा ओढल्यामुळे. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोनच पदर घ्या, बोटापासून कोपरापर्यंत लांब, त्याहून लांब घेतला की गुंता. सुई सात नाहीतर आठ नंबरची. शब्द जागेवर ठेवून शिरोरेषेखाली मधोमध गोंदाचे दोन-तीन थेंब, कडेला अजिबात नको, गोंद वाळून कडक झाला की सुई जात नाही. मग आधी शिरोरेषा शिवून घ्या, ती सरळ बसली की खालचं आपोआप बसतं. कडेपासून दोनेक मिलिमीटर आत साधा धावदोरा, टाका तीन-चार मिलिमीटरचा, आणि दर चार-पाच टाक्यांनी कापड बोटांनी सपाट करून बघायचं, दोरा नुसता टेकला पाहिजे. काजटाका दिसतो सुंदर पण द च्या गाठीपाशी त्याचा चोथा होतो, तो हवाच असेल तर पताकेच्या बाहेरच्या कडेला तीन पदरांनी घाला. दोरा अक्षराच्याच रंगाचा घ्या, वाकडे टाके त्यात लपतात.

आत्ता चुण्या पडल्यात ते फेकू नका. उलट्या बाजूने टाके कापून दोरा काढा, भोकं नखाने चोळली की बरीचशी बुजतात.

टांगायला वरची कड इंचभर मागे दुमडून शिवा आणि त्यातून बांबूची काठी घाला. फेल्ट मऊ असेल तर मागे दुसरा थर लावून मधे शिंप्याकडचं कॉलरचं बकरम घाला, नाहीतर महिन्याभरात टोक वळतं.

प्रश्न : फेल्टला इस्त्री केली आणि ते चकाकायला लागलं, कडक पण झालं. असं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुकानात स्वस्तात मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक असतं, गरम इस्त्रीने वितळायला लागतं. चकाकी आली ती आता जाणार नाही, तो तुकडा उलट्या बाजूने वापरा. पुढच्या वेळी इस्त्री अगदी कमीवर आणि वर सुती फडकं.

प्रश्न : भिंतीवरच्या पताकेवर धूळ बसलीय, मशीनला टाकू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. पॉलिएस्टरवर गोळे येतात, लोकरीचं असेल तर आटतं आणि अक्षरं आकसतात. हाताला सेलोटेप उलटी गुंडाळा आणि टिपत जा, तेवढ्याने भागतं.