जुन्या बाजारपेठेत टॉवर आणि खाली दुकानं आली की शहर पुन्हा जिवंत होतं का? डेट्रॉइटमध्ये काय झालं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शहराच्या जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास होणार आहे, वर फ्लॅट आणि खाली गाळे असा आराखडा आहे, आणि सादरीकरणात साहेबांनी "डेट्रॉइट बघा, कसं उभं राहिलं" असं सांगितलं. हे कितपत खरं आहे, असा तुमचा प्रश्न.

मी डेट्रॉइटला राहतो. म्हणजे खरं तर इथल्या बहुतेक मराठी मंडळींसारखा नोव्हायला राहतो आणि भारतात फोनवर "डेट्रॉइट" सांगतो. नोव्हाय हे उपनगर, डाउनटाउनपासून, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागापासून, गाडीने पाऊण तासावर. पण २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं आम्ही दोघं डाउनटाउनमध्ये भाड्याने राहिलो. त्यामुळे साहेबांच्या स्लाइडवरचं डेट्रॉइट मी आतूनही पाहिलंय.

२००८ मध्ये मी चिंचवडहून इथे आलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्याने बजावलं होतं, संध्याकाळी सहानंतर डाउनटाउनमध्ये थांबू नकोस. मी एका रविवारी मुद्दाम गेलो. चौदा-पंधरा मजली देखणे दगडी मनोरे, कोरीव काम, आणि खिडक्यांना प्लायवूड. गटाराच्या झाकणांतून वाफ येत होती (जमिनीखालच्या नळ्यांतून इमारतींना वाफ पुरवायची जुनी पद्धत तिथे अजून आहे). डोक्यावरून पीपल मूव्हर नावाची छोटी गाडी गोल गोल फिरत होती, रिकामी. १९८७ मध्ये ती बांधली तेव्हासुद्धा "यामुळे डाउनटाउन जिवंत होईल" असंच म्हटलं गेलं होतं.

हे ओस कसं पडलं ते आधी सांगायला हवं, कारण दुकानांचा मुद्दा तिथेच आहे. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. डाउनटाउनमधल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर हडसन्स हे अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर होतं. सगळं शहर खरेदीला तिथे यायचं. त्याच हडसन्सने १९५४ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर, साउथफील्डमध्ये नॉर्थलँड नावाचं शॉपिंग सेंटर काढलं. गिऱ्हाईक हायवेने उपनगरांत चाललं होतं, मग दुकानही त्याच्या मागे गेलं. गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत घरासाठी कर्ज सहज मिळे, काळ्या कुटुंबांना नाकारलं जाई. त्यात १९६७ ची दंगल झाली, कारखाने हलले. हडसन्सचं मूळ दुकान जानेवारी १९८३ मध्ये बंद झालं. आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला त्याला तेव्हा बरोबर एक वर्ष झालं होतं.

दुकानाच्या जाण्याने वस्ती मेली असं लोक सांगतात, पण क्रम उलटा होता. आधी माणसं गेली, दुकान सर्वात शेवटी गेलं. परत येतानाही तोच क्रम राहिला: दुकानं सर्वात शेवटी आली.

मधल्या काळात एकाच मोठ्या इमारतीच्या जोरावर शहर उठवायचे प्रयत्न झाले. त्यातला सर्वात मोठा म्हणजे नदीकाठचं रेनेसान्स सेंटर. हेन्री फोर्ड दुसरे यांनी पुढाकार घेतला, १९७७ मध्ये ते उघडलं. नावच "पुनरुज्जीवन". काचेचे गोल मनोरे, आत दुकानं, आणि रस्त्याच्या बाजूला किल्ल्याच्या तटासारखे उंच बांध. त्याने आजूबाजूच्या जुन्या इमारतींतली ऑफिसं आपल्यात ओढून घेतली आणि त्या जुन्या इमारती रिकाम्या झाल्या. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात.

खरा बदल मी आल्यानंतर, २०१० मध्ये सुरू झाला. क्विकन लोन्स या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या डॅन गिल्बर्ट यांनी सतराशे कर्मचारी उपनगरातून डाउनटाउनच्या कॅम्पस मार्शियस चौकात आणले आणि मग मातीमोलाने इमारती घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीने घेतलेल्या मालमत्तांचा आकडा पुढे शंभरावर गेला. २०११ मध्ये काही कंपन्यांनी योजना काढली: कर्मचारी डाउनटाउनमध्ये भाड्याने राहायला आला तर पहिल्या वर्षी अडीच हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी हजार. दुकानांच्या वर राहायला या म्हणून लोकांना चक्क पैसे द्यावे लागले. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

आणि नवीन टॉवर? सुरुवातीची बरीच वर्षं जवळपास नव्हतेच. जुन्या ऑफिस इमारतींचेच फ्लॅट झाले: २०१२ मध्ये ब्रॉडरिक टॉवर, २०१४ मध्ये डेव्हिड व्हिटनी, २०२३ मध्ये १९२६ चा बुक टॉवर. यामागे एक साधं कारण आहे. १९२० च्या दशकात एसी नव्हता, म्हणून ऑफिसांनाही खिडकीचा उजेड आणि वारा लागायचा. मजले अरुंद, मध्ये चौकासारखी मोकळी जागा. अशा इमारतीत भिंती घातल्या की प्रत्येक खोलीला खिडकी मिळते. १९७० नंतरच्या जाडजूड काचेच्या ठोकळ्यात ते जमत नाही, मधल्या खोल्या अंधाऱ्या राहतात. शिवाय ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर केंद्र सरकार खर्चाच्या २० टक्के करसवलत देतं. आणि या इमारती टिकल्या कशा? कुणाला तिथली जमीनच नको होती म्हणून. गिरणगावात जमीन सोन्याची होती, त्यामुळे चिमणी सोडून सगळं पडलं. इथे पाडायचा खर्चही वसूल झाला नसता.

आमचं घर अशाच एका जुन्या ऑफिसातलं. लिफ्टशेजारी पितळी टपाल-नळी होती, वरच्या मजल्यावरून पत्र टाकलं की थेट तळाच्या पेटीत. बायकोला ती इतकी आवडली की तिने आईला मुद्दाम तिच्यातून पत्र पाठवायचा प्रयत्न केला. नळी कित्येक वर्षं बंद होती. ते पत्र बहुधा अजून सातव्या मजल्याच्या आसपास कुठेतरी अडकलेलं असेल.

राहायला मजा आली, नाकारणार नाही. चौकात हिवाळ्यात स्केटिंग, उन्हाळ्यात वाळू टाकून खोटा समुद्रकिनारा. नवे एलईडी दिवे लागले होते. त्याआधी शहरातले सुमारे चाळीस टक्के पथदिवे बंद होते, २०१६ अखेरपर्यंत ६५,००० नवे लागले. रात्री अकराला जेवून चालत घरी यायचो, तेव्हा मला तो २००८ चा सहकारी आठवायचा.

पण खालची दुकानं! पाचशे डॉलरचं घड्याळ मिळे, आठ डॉलरची कॉफी मिळे. बल्ब आणायचा तर गाडी काढा. पहिली काही वर्षं मालकांना तळमजल्याचा गाळा म्हणजे वरच्या फ्लॅटची जाहिरात वाटे: दिसायला छान हवा, रोजच्या उपयोगाचा नसला तरी चालेल. मोठं किराणा दुकान म्हणजे २०१३ मध्ये शेजारच्या मिडटाउनमध्ये आलेलं होल फूड्स. २०१७ मध्ये वुडवर्डवर क्यूलाइन ही ट्राम सुरू झाली आणि त्यातून पिशव्या घेऊन यायची सोय झाली. शनिवारी ईस्टर्न मार्केट, ते मात्र एकोणिसाव्या शतकापासून अखंड चालू आहे. डाउनटाउन ओस होतं तेव्हाही शेतकरी तिथे येतच होते. वांगी, मका, कोथिंबीर तिथून आणायचो. तूरडाळीला अर्थात उपनगर. मायरचं मध्यम आकाराचं, साध्या भावाचं किराणा दुकान जेफर्सन ॲव्हेन्यूवर २०२१ मध्ये उघडलं. गिल्बर्ट यांचे सतराशे कर्मचारी येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. किराणा यायला एवढा वेळ लागतो.

आता स्लाइडवर नसलेल्या गोष्टी.

ग्रिस्वोल्ड रस्त्यावर एका इमारतीत शंभरावर गरीब म्हातारी माणसं सरकारी भाडेसाहाय्यावर राहत होती. ओसाड काळात डाउनटाउन सोडून न गेलेली तीच. २०१३ मध्ये त्यांना घरं रिकामी करायची नोटीस आली आणि पुढच्या वर्षभरात इमारत महागड्या अपार्टमेंटची झाली. त्यावर ओरड झाल्यावर २०१७ मध्ये महापालिकेने नियम केला: आमच्याकडून मोठी सवलत हवी असेल तर पाचातलं एक घर कमी उत्पन्नवाल्यांना परवडेल असं ठेवा. चांगला नियम, पण त्या म्हाताऱ्यांना काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट माझ्या खिडकीतून दिसायची. आइस हॉकीच्या नव्या अरेनाभोवती पाच नव्या वस्त्या होणार, घरं-दुकानं येणार असं २०१४ मध्ये जाहीर झालं होतं. सार्वजनिक पैसा लागला तो ३२ कोटी डॉलरच्या वर. अरेना २०१७ मध्ये वेळेत उघडलं. घरांच्या जागी मी निघेपर्यंत पार्किंग लॉट होते, छान डांबरी.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची. डाउनटाउन आणि लगतच्या वस्त्या मिळून ७.२ चौरस मैल, सगळं शहर १३९ चौरस मैल. बातम्यांतलं "डेट्रॉइट" म्हणजे तेवढे सातच. शहराच्या उरलेल्या भागात गवताळ रिकामे प्लॉट आणि मध्येच एखादं नेटकं ठेवलेलं घर, हे दृश्य अजून आहे. तरी २०२३ मध्ये लोकसंख्या वाढली, १९५७ नंतर पहिल्यांदा, आणि २०२४ च्या अंदाजात ती सुमारे ६,४५,००० झाली. मला त्याचं अप्रूप आहेच. सहासष्ट वर्षं सतत उतरती कळा लागलेलं शहर थांबलं, हे लहान नाही.

आम्ही मात्र निघालो. मुलगी झाली, शाळेचा विचार सुरू झाला, भाडं नूतनीकरणाला पुन्हा वाढवून मागितलं होतं. शहरात राहणाऱ्याला उत्पन्नावर २.४ टक्के जादा सिटी टॅक्स, गाडीचा विमाही तिथे महाग. आमच्या मजल्यावरची तिन्ही जोडपी मूल झाल्यावर गेली. डाउनटाउनने तरुणांना परत आणलं, संसाराला थांबवणं त्याला तोवर जमलं नव्हतं. यात टॉवर किंवा दुकान काही करू शकत नाही, ते शाळेचं काम.

हडसन्सचं पुढे काय झालं? १९९८ मध्ये ती इमारत सुरुंगाने पाडली. जागा जवळजवळ वीस वर्षं रिकामी. २०१७ मध्ये नव्या टॉवरचं काम सुरू झालं, २०२२ मध्ये त्याला सहा कोटी डॉलरची करसवलत मिळाली. उंची ६८१ फूट. २०२४ मध्ये जनरल मोटर्सने तिथे मुख्यालय हलवायचं जाहीर केलं. कुठून? रेनेसान्स सेंटरमधून. त्याच वर्षी रेनेसान्सचे काही मनोरे पाडायचा प्रस्तावही आला. ज्याने १९७७ मध्ये शेजाऱ्यांचे भाडेकरू नेले, त्याच्यातलीच सर्वात मोठी कंपनी आता शेजाऱ्याने नेली.

आता तुमच्या पेठेबद्दल. वर ते वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं: इथे दुकानांच्या वर राहायला लोकांना पैसे द्यावे लागले. तुमच्या बाजारपेठेत लोक आजही दुकानावर राहतात. खाली भांड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड, रात्री नऊला शटर ओढून जिन्याने घरी. डेट्रॉइटने कोट्यवधी डॉलर ओतून जे अर्धंमुर्धं परत मिळवलं, ते तुमच्याकडे गळकं, पोपडे आलेलं, पागडीत अडकलेलं का होईना, पण चालू आहे. म्हणून डेट्रॉइटचा दाखला तुमच्या प्रकल्पाला लागू पडत नाही. तिथे रिकाम्या इमारती भरल्या, तुमच्याकडे भरलेल्या रिकाम्या करणार आहेत. इमारती धोकादायक झाल्या असतील तर पुनर्विकास लागेल, त्याला माझा विरोध नाही.

फक्त पुढच्या बैठकीत जाल तेव्हा सुंदर चित्रं बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: बांधकाम चालेल तितकी वर्षं आत्ताचे दुकानदार कुठे बसणार, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या भाड्यात? हे करारात लिहिलेलं आहे का? नवे गाळे आजच्याच आकाराचे आहेत, की चार गाळे एकत्र करून एका शोरूमला द्यायचे आहेत? उत्तर कळलं तर इथे खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.